माझ्यापुढे कोणी जायचं नाही

दि. ९ नोव्हेंबर

तीर्थरूप अक्कास,

नमस्कार. खाली वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्ष वाकलो की सूनबाई मला उचलायला धावते.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि या घरात बाकी सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून पत्र. अक्षर मोठं आलंय आणि ओळी उतरणीला लागल्यात, त्याचा दोष पेनाकडे. नातवाचं स्केचपेन आहे, निळं.

इकडे सगळं ठीक. मुलाने मला मागची खोली दिली आहे. खोली हवेशीर आहे, फक्त खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे आणि भिंतीवर पाण्याचे पाइप. आराम इतका आहे की अंगावर येतो. सूनबाई म्हणते, "बाबा, तुम्ही बसा, मी आणते." मुलगा म्हणतो, "बाबा, बसा हो, मी बघतो ना." परवा मी माझा चहाचा कप स्वतः धुतला, तर दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू मी घरात बंदूक साफ करायला काढली. माणसं सोन्यासारखी आहेत. वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

म्हणून तर मला मोटरसायकल लागते. चावी माझ्या खिशात असते, झोपतानाही. एकदा गाडीवर बसलो की मला कोणी 'बसा' म्हणत नाही.

आमच्या ग्रुपबद्दल तुला मागे लिहिलं होतं. दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी निवृत्त सैनिकांच्या सन्मानार्थ फेरी निघते. चाळीस गाड्या, एका ओळीत. नियम एकच: पुढे सैनिक आणि त्याच्यापुढे कोणी गाडी काढायची नाही. त्याने ज्या वेगाने जायचं त्याच वेगाने सगळ्यांनी जायचं, मग तो बैलगाडीच्या चालीने का जाईना. पूर्वी आम्ही पाच जण पुढे असायचो. आता कर्नलसाहेब मागच्या उघड्या जीपमध्ये मांडीवर ब्लँकेट घेऊन बसतात आणि निम्म्या वाटेवर झोपतात. बाकीचे गेले. गाडी स्वतः चालवणारा मी एकटा उरलोय, त्यामुळे वट भलताच आहे.

माझ्या बरोबर मागे फिटर असतो. पंपांच्या कारखान्यात आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने माझ्या गाडीचा गिअरबॉक्स सुटा सुटा करून परत जोडला आणि एक पैसा घेतला नाही. दाताचा डॉक्टर आहे, आठवडाभर दुसऱ्यांची तोंडं उघडतो आणि रविवारी स्वतःचं. बेकरीवाली आहे, तिची लेक मागच्या सीटवर तिला चिकटून बसते. ती सगळ्यांसाठी गरम पाव आणते आणि उशिरा येणाऱ्याची आई-माई उद्धरते. मला मात्र 'काका' म्हणते.

यंदा त्यांनी रस्ता बदललाय. घाट चढून वरच्या पठारावर जायचं, जिथे आमच्या तुकडीतल्या पोरांची नावं कोरलेला स्तंभ आहे. हे माझ्यासाठी ठरवलं, मला न विचारता, मला आनंद व्हावा म्हणून.

फेरीचा सराव ठीक झाला. डॉक्टर म्हणाला, "काका, यंदा जरा सावकाश?" मी म्हटलं, "घाई तुझ्या पेशंटला असते, मला नाही." सगळे हसले.

तू पाठवलेले डोळ्यांत टाकायचे थेंब मिळाले. टाकतो. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव, आणि माझी काळजी करू नकोस.

तुझा,
भुंग्या

⁂

दि. १८ नोव्हेंबर

अक्का,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, समन्सच ते. "भुंग्या, डोळे कसे आहेत? खोटं लिहू नकोस." एवढंच. गुडघ्यांबद्दल एक अक्षर नाही. एवढी वर्षं हॉस्पिटलचा वॉर्ड सांभाळलेल्या बाईला स्केचपेनची थाप मारायला गेलो, माझंच चुकलं.

बरं. मधला भाग गेलाय, दोन्ही डोळ्यांचा. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं, कडेकडेचं दिसतं. कोणाच्या तोंडाकडे पाहिलं की तोंड जातं आणि कान उरतात. मी हल्ली माणसं कानांवरून आणि आवाजावरून ओळखतो. हे पत्र लिहिताना मी कागदाच्या शेजारी बघतोय. डॉक्टरने, दाताच्या नव्हे, डोळ्याच्या, उन्हाळ्यातच सांगितलं की हे परत येणार नाही आणि गाडी आजपासून बंद. मी "हो" म्हणालो आणि गाडीवरूनच घरी आलो.

मुलाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत चावी जाईल, आणि मग मी आणि ते पाइप.

आता सरावाचं ऐक. नीट ऐक, कारण ठीक झाला असं मी लिहिलं होतं. आमच्यात बोलायची सोय नसते, हेल्मेट आणि इंजिनं, त्यामुळे सगळं खुणांवर चालतं. पुढच्याला डावीकडे खड्डा दिसला की तो डावा पाय बाहेर काढतो. त्याच्या मागचा काढतो, मग त्याच्या मागचा, असा तो पाय शेवटच्या गाडीपर्यंत पोचतो. मागच्यांनी खड्डा बघायचा नसतो, पाय बघायचा असतो. मला डावीकडे काळं काहीतरी दिसलं, मोठं. मी पाय काढला आणि गाडी उजवीकडे घेतली. ती झाडाची सावली होती. जवळ गेल्यावर मला कडेने कळलं, पण तोवर अख्खी रांग माझ्यामागोमाग रस्त्याच्या मध्यावर आली होती आणि समोरून टँकर येत होता. त्याने हॉर्न दाबून धरला. मी आत वळलो, एकेक जण आत वळत गेला. बेकरीवाली शेवटून तिसरी होती. तिच्या लेकीच्या बाहीला टँकरचा वारा लागला, असं ती पोरगी नंतर सगळ्यांना रंगवून सांगत होती. तिला मजा वाटली होती.

चहाला थांबलो तेव्हा खड्ड्याचा विषय कोणी काढला नाही. मी फिटरला बाजूला घेतलं.

"तू माझ्या मागेच होतास. सावली आहे हे तुला दिसलं असेल."

"दिसलं."

"मग तू पाय का काढलास?"

"तुम्ही काढलात म्हणून."

अक्का, मी सैन्यात होतो, मला या उत्तराचा अर्थ कळतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो पायाखालची खडी चाळवत बसला आणि मग म्हणाला, "मला कळलंय तुमच्या डोळ्यांचं. गिअरबॉक्स जोडल्यावर गाडी न्यायला आलात तेव्हा शेजारच्या गाडीवर जाऊन बसला होतात. काळजी करू नका. घाटात मी मागून हॉर्न देईन. डावं वळण असलं तर एक, उजवं असलं तर दोन. कोणाला पत्ता लागणार नाही."

"अरे, वेड लागलंय का तुला? मागे चाळीस माणसं आहेत."

"तुम्ही पुढे नसलात तर आम्ही कोणाच्या मागे जायचं, काका?"

मग मी बाकीच्यांकडे गेलो. म्हटलं, यंदा मी जीपमध्ये बसतो, पुढे दुसऱ्या कोणालातरी घ्या. बेकरीवाली ओरडली, "काका, नखरे पुरे! लग्नातल्या नवरीसारखं काय करताय!" दाताचा डॉक्टर म्हणाला, "बघा, याला म्हणतात नम्रपणा." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मी उभा होतो आणि 'डोळे' हा एक शब्द म्हणायचा होता, बस्स. जिभेवर आला होता. मी हसलो आणि चहा प्यायलो.

मला भीती वाटते अक्का. गोळीबारात वाटली होती ती वेगळी, तिच्यात पुढे काय करायचं ते माहीत असायचं. ही त्या खोलीची आहे. गाडीवरून उतरलो की मी कायमचा तिथे, ब्लँकेटसकट, आणि सगळे माझ्याशी गोड बोलणार. आणि न उतरलो तर त्या पोरीची बाही. रोज हे दोन्ही घेऊन बसतो आणि रोज चावी खिशात ठेवून झोपतो.

मला उतरता येत नाही. त्यांना मला उतरवता येत नाही, त्यांचं प्रेमच तसं आहे. मुलाला सांगायला तोंड उघडत नाही. राहिलीस तू. लहानपणापासून मी फक्त तुझं ऐकत आलोय, तेही रडत.

गुडघे दुखत असले तरी शनिवारच्या बसने ये. रविवारी सकाळी सात वाजता स्टेडियमच्या मागच्या मैदानावरून आम्ही निघतो. मुलाला मी काहीतरी सांगेन. तू सरळ सगळ्यांच्या मधून चालत ये, माझ्या गाडीसमोर उभी राहा आणि मोठ्याने सांग. डोळ्यांचं सांग, सावलीचं सांग, टँकरचं सांग. मला वाट्टेल ते बोल, चारचौघांत बोल. तू सांगितलंस तर मी उतरेन, हे वचन आहे.

आणि तू नाही आलीस, तर मी पुढे असेन. मी हात वर करीन, गाड्या सुरू होतील आणि आम्ही घाटाकडे निघू. अक्का, त्यांच्यापैकी एकही जण मागे राहणार नाही.

तुझाच,
भुंग्या