धर्माच्या तोंडचे 'अहो'

नेरूळ, मंगळवार, सायंकाळ.

माझ्या कथेतील धर्मा, मोरा धक्क्यावरचा लाँचवाला, मी मनाने रचलेला आहे. तो आपल्या बालमित्राला, महादेवाला, रोज जेवणाचे विचारतो. महादेव म्हणजे मीच. नाव तेवढे खरे ठेवले आहे.

आज सूनबाईंनी ती कथा वाचली आणि त्या हसल्या. "आबा, हे दोघे चड्डीदोस्त ना? मग धर्मा 'अहो महादेवराव, आपले भोजन झाले काय?' असं काय विचारतो? सोसायटीचा सेक्रेटरी वाटतो तो."

मी म्हणालो, "लेखनात अरे-तुरे शोभत नाही." माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले, म्हणूनच भाषेत कोणी चूक काढलेली मला सोसत नाही. परंतु ते 'अहो' तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मला शेवटचे 'अरे' कोणी म्हटले? थोरले बंधू गेले. मोऱ्याचे सोबतीही गेले. आता मी सर्वांचा आबा, काका, अहो. आदर भरपूर आहे, तक्रार नाही. तरीही...

अखेर ते वाक्य खोडले आणि लिहिले, "काय रं म्हादू, जेवलास का?" अशुद्ध आहे, तरी ठेवले. एकदा मोठ्याने वाचून पाहिले.

"आबा, काही म्हणालात?" सूनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

"नाही. आपले काम चालू द्या."

मग हळू आवाजात धर्माला उत्तर दिले, "नाय रं. तुजीच वाट बगत व्हतो."