चष्मा झाकणावर ठेवावा

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्रेपन्न, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, सर्वप्रथम असे नमूद करतो की वकीलसाहेबांच्या कचेरीतले पेन टेबलाच्या उजव्या कोपऱ्याला दोरीने बांधलेले आहे, दोरी आखूड आहे आणि मी डावखुरा आहे. फक्त उजव्या हाताने जगलेल्यांनीच रीतसर मरावे अशी त्या कचेरीची समजूत असल्यास तिने तशी पाटी लावावी. या अन्यायापायी हे मृत्युपत्र मी माझ्या घरी, माझ्या पेनाने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्यापुरतेसुद्धा माझ्याकडे कोणी येत नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ‘धाकट्या भावास माझ्या मिळकतीतले काहीही मिळू नये’ असे कलम होते आणि खाली कारण दिले होते. ते कारण खोटे आहे. कसे, ते कलम चारमध्ये येईल. तिथे पोचायची मला घाई नाही.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या धाकट्या भावास द्याव्यात. आतल्या खोलीत माशांच्या टाक्या आहेत, बाहेरच्या खोलीत मी असतो. दार खालून घासते, जरा उचलून ढकलावे. त्याला हे ठाऊक आहे. निदान सहा वर्षांपूर्वी होते.

कलम दोन. बँकेत जे काही उरेल ते आणि माझे मेण कोरायचे चाकू, दिवा व पॉलिशचे यंत्र कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना द्यावे. बावीस वर्षे त्यांनी माझी बडबड ऐकली आणि एकदाही ‘अगदी बरोबर’ म्हटले नाही. ज्या दातांच्या डॉक्टरांनी माझी प्रत्येक कवळी ‘किंचित टोचते’ म्हणून परत पाठवली, त्यांना त्यांच्याच जबड्याचा मी जपून ठेवलेला प्लास्टरचा साचा द्यावा. टोचत होते ते कुठे, ते त्यात स्पष्ट दिसते.

कलम तीन. मासे. एकूण एकोणीस. जात कॅटफिश, बोटाएवढे, अंगावर काळे-पांढरे पट्टे. मूळ नदीत आता फारसे उरलेले नाहीत, आणि घरच्या टाकीत त्यांची पिल्ले होणे म्हणजे लग्नात दोन्हीकडचे पाहुणे खूश होण्याइतके दुर्मिळ. वकीलसाहेबांच्या टायपिस्टने विचारले, “स्थावर टाकू की जंगम?”

“दिवसभर गुहेत बसून असतात,” मी म्हणालो.

“मग स्थावरच की!”

वकीलसाहेबांनी फायलीतून मान वर केली. “खायचे आहेत का?”

“नाही.”

“मग एवढ्यांचं करता काय?”

ज्या मासेविक्याने मला जोडी म्हणून दोन नर विकले, त्याला मी कधी काही बोललो नाही. दोन वर्षे मी अंड्यांची वाट पाहिली. ते दोघे मात्र गुण्यागोविंदाने राहिले. त्या दुकानदारास काहीही देऊ नये.

पुढे मादी मिळाली. या जातीत अंडी बाप सांभाळतो. मादी मातीच्या अरुंद गुहेत अंडी घालून निघून जाते, आणि नर तोंडाशी अडून बसून दिवसरात्र परांनी पाणी हलवतो. खात नाही, बाहेर येत नाही. आत डोकावायला मी दातांच्या डॉक्टरांकडचा लांब दांड्याचा छोटा आरसा वापरतो. तो माशांबरोबर द्यावा. मासे, टाक्या, पंप, हे सारे धाकट्यास.

कलम चार. माशांना खाऊ घालताना पंप बंद करावा लागतो, नाहीतर खाऊ तळाशी बसायच्या आधी पंप ओढून घेतो. पंप पुन्हा लावायला विसरले तर पाण्यातली हवा संपते. यावर मी एक तोड काढली होती. पंपाचा प्लग काढला की डोळ्यांवरचा चष्मा काढून टाकीच्या झाकणावर ठेवायचा. चष्म्याशिवाय मला जिनाही दिसत नाही, म्हणजे पंप लावल्याखेरीज घराबाहेर पडणे नाही. अकरा वर्षे ही युक्ती चालली, आणि अकरा वर्षे मी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली.

पहिली अंडी झाली त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी धाकटा आला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. माझ्यासाठी त्याने स्वतः नवा चष्मा बनवून आणला होता. “घाल बघू, दादा. जग कसं दिसतं ते सांग.” मी घातला. जग स्वच्छ दिसले. मी तसाच कामावर गेलो. त्याने मागे थोडा वेळ बसून रिकाम्या सॉकेटला आपला फोन लावला, आणि दुकान उघडायच्या घाईत चार्जर तिथेच विसरून गेला.

संध्याकाळी मी आलो तेव्हा पंपाच्या जागी चार्जर होता आणि प्लग खाली लोंबत होता. नर गुहेच्या तोंडाशी मेलेला होता, तोंड बाहेर करून. आतली अंडी पांढरी पडली होती. तेवढ्यात धाकटा चार्जर न्यायला आला.

“प्लग तू काढलास!”

“नाही रे दादा. सॉकेट रिकामंच होतं.”

“रिकामं? मी कधी विसरतो का?”

“तसं नाही, पण—”

“चालता हो. पुन्हा या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही.”

तो गेला. चार्जर राहिला. बायकोने त्या दिवशी झाकणावरून जुना चष्मा उचलून माझ्यासमोर ठेवला. “अहो, हा तिथे होता.” मी म्हणालो, “चष्म्याचा इथे काय संबंध?” तिने पुन्हा विषय काढला नाही. चष्मा मी खणात ठेवला. संबंध मला त्याच वेळी कळला होता.

पुढल्या वर्षी बायको गेली. धाकटा आला आणि सांगितल्याप्रमाणे उंबऱ्याबाहेर थांबला, चपला हातात धरून, सर्व उरकेपर्यंत. लोक त्याला वळसा घालून आत-बाहेर करत होते. मी त्याला आत बोलावले नाही. त्या दिवशी मला काहीच वाटले नाही. पुढे वाटेल असे धरून चाललो होतो. अजून वाटलेले नाही. डॉक्टर म्हणतात, तब्येत उत्तम आहे.

तरी असे लिहून ठेवतो की प्लग मी काढला होता. धाकट्याने नाही.

माशांबाबत त्यास एकच सूचना. पंप बंद केला की ज्याच्यावाचून अडेल अशी वस्तू झाकणावर ठेवावी. मात्र तिची जोडी घरात ठेवू नये.

कलम पाच. धाकट्याचा चार्जर माझ्याकडे आहे. वरची सर्व कलमे माझ्या मरणानंतर अमलात यावीत. हे एक तोवर थांबणार नाही.

साक्षीदार पहिल्या : वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या ताई. (वाचून म्हणाल्या, “इतकं लिहिण्यापेक्षा एकदा जाऊन आला असतात तर?”)
साक्षीदार दुसरा : वकीलसाहेबांचा टायपिस्ट. (मासे जंगममध्ये टाकले आहेत.)
दोघांच्या देखत डाव्या हाताने सही केली.
स्थळ : आतली खोली, टाकीसमोर.
दिनांक : मंगळवार, पाणी बदलायचा दिवस.

सहीखालच्या या मजकुराला कायद्याने किंमत नाही. बुधवारी सकाळी मी धाकट्याकडे गेलो. चार्जर आणि या कागदाची प्रत त्याच्या हातात दिली. त्याने दारातच कलम चार वाचले. मग चार्जर उलटसुलट करून पाहिला.

“हा फोन कधीच गेला, दादा.”

“असू दे. तुझा आहे.”

त्याने चार्जर खिशात घातला. मग म्हणाला, “नंबर बरोबर लागला होता ना चष्म्याचा?”

“बरोबर होता.”

“आत ये.”

“येतो,” मी म्हणालो. “आधी जरा इथे उभा राहतो.” आणि वाकून चपला काढून हातात घेतल्या.