जाळी उघडी टाकून

अब्बा,

तुमच्या नातीला तुम्ही पाहिलं नाही, म्हणून आधी तिचंच सांगते. ती सतरा वर्षांची आहे आणि बर्फावर हॉकी खेळते. हे वाक्य माझ्याच हातानं लिहिलं, तरी मलाच खरं वाटत नाही. आमच्या अमरावतीत मे महिन्यात नळाचं पाणी तापलेलंच येतं, आणि आपल्या घरातली पोर बर्फावर. घरात आपण आपली बोली बोलायचो, पण माझी शाळा मराठी, लिहायला हात मराठीतच चालतो. तुम्हीही आपल्या गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी वऱ्हाडीतच बोलायचात, तेव्हा समजून घ्याल.

सुरुवात बर्फावर नाही झाली. घराजवळच्या मैदानात सिमेंटचा गोल ट्रॅक आहे, तिथं संध्याकाळी चाकांच्या बुटांचा क्लास चालतो. ती तिथं जायला लागली, मग चाकांवरची हॉकी खेळायला लागली. जाळीपुढे उभं राहायला कोणी पोरगी तयार नव्हती. हिला मार बसला तरी रडत नाही असं सरांना दिसलं, म्हणून हिला उभं केलं. गोलकीपरला पायावर जाड गाद्या बांधाव्या लागतात. विकतच्या परवडण्यासारख्या नव्हत्या. मी घरातली जुनी गादी उसवली, कापूस पिंजून आणला, जाड ड्रिलचं कापड घेतलं आणि तुम्ही शिकवलेल्या टाक्यानं दाभण घालून तिच्या पायाच्या मापाच्या दोन गाद्या शिवल्या. सरांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि कुठून आणल्या म्हणून विचारलं. मला तुमचं वाक्य आठवलं. लग्नाची गादी न्यायला आलेल्या बायांना तुम्ही म्हणायचात, "बाई, निस्त्या कापसानं झोप येत नाई, टाका बरोबर असला तं येते." सरांना मात्र मी फक्त "घरी" एवढंच म्हणाले.

पुढं तिची बर्फावरच्या हॉकीसाठी निवड झाली आणि लेहला शिबिर झालं. तिथल्या पहिल्याच दिवशी माझ्या गाद्या बर्फाचं पाणी प्यायल्या आणि इतक्या जड झाल्या की तिला पाय उचलेना. तिथल्या लोकांनी तिला खऱ्या, प्लास्टिकच्या दिल्या. फोनवर तिनं हे हसत हसत सांगितलं. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र उरलेलं ड्रिलचं कापड घडी करून वर टाकलं.

मग यंदा ती देशाच्या संघातून थायलंडला गेली. अठरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा, चार-पाच देशांच्या टीम. आपल्या टीममधल्या बहुतेक पोरी लडाखच्या, ज्यांना चालता येण्याआधी घसरता येत असावं. त्यांत ही एक अमरावतीची. तिथलं बर्फाचं मैदान एका मॉलमध्ये वरच्या मजल्यावर होतं. पोहोचल्यावर म्हणाली, "अम्मी, बाहेर अकोल्याचं ऊन आन् आत लडाख!"

ती राखीव गोलकीपर होती. पहिले सगळे सामने बाकावर बसून राहिली, मोठं हेल्मेट मांडीवर घेऊन. शेवटच्या सामन्याला मुख्य गोलकीपर मुलीला ताप आला आणि हिला उभं केलं. हा सामना जिंकला तर तिसरा नंबर आणि गळ्यात पदक. रविवार होता, मी कामाला जाते त्या नांदगाव पेठेच्या शिलाई युनिटला सुट्टी. तुमच्या जावयानं ऑटो दारात लावला आणि आम्ही दोघं फोन पिठाच्या डब्याला टेकवून बसलो. चौकातल्या ऑटोवाल्यांत राहून तेही आता पक्के वऱ्हाडी बोलतात. समालोचन कुठल्या भाषेत होतं ते कळत नव्हतं. या खेळात चेंडू नसतो, एक काळी चकती असते, ती मला एकदाही धड दिसली नाही. मी फक्त माझ्या पोरीकडे पाहत होते. चकती तिच्याकडे आली की ती गुडघ्यांवर पडायची, आणि ती पडली की माझाच हात जमिनीवर टेकायचा.

अब्बा, काय खेळली ती! लाल कपड्यांच्या पोरी झुंडीनं तिच्यावर येत होत्या आणि ही आडवी, उभी, कशीही पडून अडवत होती. दोन गोल झाले तिच्यावर, आपल्या पोरींनी एक केला. अगदी थोडा वेळ उरला होता. आणि तेवढ्यात हिनं जाळी सोडली. सरळ उठली आणि बाकाकडे पळत सुटली.

"लागलं वाटते तिले," हे म्हणाले.

"लागलं असतं तं पळाली असती का?"

"मंग चालली कुठं? अवो, जाळी तं उघडी पडली!"

ती कठड्यावरून बाहेर गेली आणि तिच्या जागी एक दुसरीच पोरगी उडी मारून आत आली, पण ती जाळीकडे न जाता पुढं पळाली. मला वाटलं, कोचनं हिला शिक्षा केली. दोन गोल खाल्ले म्हणून सगळ्यांसमोर उठवलं. एवढ्यात लाल कपड्यांतल्या एकीनं अर्ध्या मैदानावरून चकती मारली. ती इतकी सावकाश येत होती की पहिल्यांदाच मला नीट दिसली. अडवायला कोणी नव्हतं. चकती जाळीत गेली आणि थोड्या वेळानं सामना संपला.

संध्याकाळी तिचा फोन आला. मी ठरवलं होतं की आधी तिला रडू द्यायचं, मग बोलायचं. ती तर खुशीत होती.

"पाहिलं का अम्मी? कोचनं सगळ्यांसमोर शाबासकी दिली मला."

"कशाची शाबासकी? तुले तं बाहेर काढलं ना."

"काढलं नाही. बोलावलं. हरत असलं की शेवटी गोलकीपरला बाहेर घेतात, तिच्या जागी गोल मारणारी एक जास्तीची पाठवतात. मी एकदम बरोबर वेळेवर निघाले."

"तू असती तं तो गोल झाला नसता."

"मी असते तं आपला गोल व्हायचा चान्सच कमी होता."

"पण आपला झाला का?"

"नाही झाला."

"मंग?"

"मंग काय अम्मी. तसंच असते ते."

मी विचारलं, "तुले वाईट नाही वाटलं?" "पळताना मागं पाहायचं नसते," ती म्हणाली, "मी पाहिलं." मग कुणीतरी तिला जेवायला हाक मारली आणि फोन कटला.

अब्बा, तेव्हापासून मला गावातल्या तुमच्या दुकानातला तो दिवस सोडत नाही. लग्नसराई होती. पिंजण्याच्या मशीनचा आवाज, हवेत कापूस, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या आणि लोड. मी दहावी झाले होते आणि दुकानाच्या ओट्यावर बसून गादी शिवत होते. माझा हात तुमच्यापेक्षा जलद चालायचा, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगायचात. अर्धी गादी शिवून झाली होती. तुम्ही आतून आलात, खोकलात आणि माझ्या हातातली दाभण काढून घेतलीत.

"उठ. आता तू नोको बसू इथं."

"काहून?"

"काहून म्हंजे काहून. उठ म्हटलं ना."

माझ्या जागी तुम्ही एक पगारी माणूस बसवलात. कॉलेज उघडायच्या आधीच मला अमरावतीला तुमच्या बहिणीकडे, फुफीकडे, पाठवलंत. तीन वर्षांनी तुम्ही गेलात आणि माझं विचारायचं राहून गेलं. नंतर ज्याला त्याला विचारलं. माझी अम्मी म्हणायची, तुला शिकवायचं होतं त्यांना. चाचा म्हणायचे, तरणी पोर रस्त्यावर बसते म्हणून लोक बोलत होते. त्या पगारी माणसानं भलतंच सांगितलं. तो म्हणाला, "सेठले सोताच्या छातीचं समजलं होतं. पोरीच्या छातीत कापूस जाऊ नये म्हने." तिघंही खरं बोलत असतील. तिघंही माझी समजूत काढत असतील. मधल्या काळात फोमच्या गाद्या आल्या, गिऱ्हाईक तुटलं, तुमच्या मागं वर्षभरात शटर कायमचं खाली आलं. मी असते तर दुकान टिकलं असतं का? पोरीला विचारलं तर ती म्हणेल, तसंच असते ते. पण तिला कोचनं आधी सगळं समजावलं होतं. मला तुम्ही काहीच सांगितलं नाही. म्हणून तिची गोष्ट तुमच्या गोष्टीला लावून पाहिली तरी बसत नाही. आणि बाजूला ठेवली तर पुन्हा येऊन शेजारी बसते.

ती परत आली तेव्हा चौकात बॅनर लागला होता. त्यावर हिच्या फोटोशेजारी गवतावरच्या हॉकीची काठी होती. येणारे-जाणारे विचारत होते, "किती गोल मारले, बेटा?" ती प्रत्येकाला शांतपणे सांगत होती की मी मारत नाही, अडवते. मग लोक विचारायचे, किती अडवले? त्याचा आकडा तिच्याकडे नव्हता. टीम चौथी आली. चारांत चौथी की आणखी कितींत, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. आता म्हणते, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा लेहला जायचं. मी हो म्हणाले. का म्हणाले ते नीट सांगता येणार नाही. तिचे गुडघे निळे पडलेले असतात, बारावीची परीक्षा आहे, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं याचा अंदाज करायला गेले की पुन्हा त्या तीन उत्तरांपाशी येऊन थांबते.

हे लिहून कुठं पाठवायचं नाही, हे माहीत आहे. म्हणूनच जे तोंडानं कुणाला सांगितलं नाही ते लिहिते. अब्बांनी मला दुकानातून उठवलं, हे मी आजवर सगळ्यांना दुखावलेल्या आवाजात सांगत आले, तुमच्या जावयालाही. पण त्या दिवशी ओट्यावरून खाली उतरले तेव्हा बाहेर ऊन होतं, बोटं सुजलेली होती, आणि अब्बा, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.