‘भोंगा’मधली जागा

कर्वेनगर, पुणे
६ ऑगस्ट २०००

चि. राकेश यास समाधानदादाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. ई-मेलच करणार होतो, पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं की शिव्या दिल्यासारखं दिसतं, शिवाय सायबर कॅफेवाला मागे उभा राहून वाचतो. आम्ही बँडवाल्यांनी इथे एक खोली घेतली आहे. खाली पिठाची गिरणी आहे, त्यामुळे आमच्या आवाजाबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही. आईबाबा खडकीच्या क्वार्टरमध्येच आहेत. बाबांना आता दिवसपाळी मिळाली आहे.

बातमी अशी की मुंबईची एक कंपनी थ्रॅश मेटलचा दणदणाट वाजवणाऱ्या आपल्याकडच्या बँडांची सीडी काढते आहे, आणि त्यांनी ‘भोंगा’ हे गाणं घेतलं आहे. गाणं कुणी रचलं ते त्यांना लेखी हवं आहे. तू इंजिनिअरिंगला आमच्याकडे राहायचास तेव्हा ते सुरू झालं हे मी कुठे नाकारतो? पण इतकी वर्षं ते मी वाजवत आलो. मधोमध सगळं एकदम थांबतं, आणि मग आम्ही पुन्हा तुटून पडतो, तिथे पोरं वेडी होतात. ती जागा मीच बसवली, हे तुला आठवत असेलच. तेव्हा माझं एकट्याचं नाव टाकायला हरकत नाही, असं दोन ओळींत लिहून पाठव. तुझ्याकडे अमेरिका आहे, नोकरी आहे. माझ्याकडे चार लोकांना दाखवायला एवढं एकच आहे.

थंडी सुरू झाली की कानटोपी घाल. तिकडे कोण बघतंय तुला? लोभ आहे तेवढा असू दे, वाढला तर नाही म्हणणार नाही.

तुझा,
समाधानदादा


एडिसन, न्यू जर्सी
२७ ऑगस्ट २०००

ती. समाधानदादास, सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. सीडीचं वाचून इतका आनंद झाला की शेजारच्या गुजराती काकूंना सांगितलं. त्यांनी भजनाची आहे का म्हणून विचारलं.

इथे दुपार फार मोठी असते. बाहेर हिरवळ पसरलेली, तिच्यावर माणूस नाही. ऑफिसात जरा डोळे मिटले की क्वार्टरची पुढची खोली दिसते. हिराकाकूंनी खिडकीला लावलेली जाड चादर, तिच्यातून गाळून आलेला पिवळा उजेड, आणि पडद्यापलीकडे रात्रपाळी करून आलेले काका. त्यांची झोप मोडू नये म्हणून आपण गिटार आवाज वाढवायच्या मशीनला जोडायचो नाही, तारांवर तळवा दाबून वाजवायचो. गिटार एकच, त्यामुळे एकाने वाजवायची, दुसऱ्याने गादीच्या वळकटीवर ताल धरायचा. अख्ख्या जगाला ओरडून सांगायचं ते आपण कुजबुजत वाजवत होतो.

दादा, सुरुवात तुझी. शब्द तुझे. पुढचा धावता भाग कुणाचा ते मला आठवत नाही, तोही तूच घे. पण मधली थांबायची जागा माझी आहे. तारा गप्प करणारा तळवा माझा होता, ते मला अजून हाताला आठवतं. इथे मी दिवसभर प्रोग्रॅम लिहितो, आणि त्यातली कुठली ओळ माझी हे पुढे मलाही सांगता येत नाही. आपण आयुष्यात काहीतरी केलं, असं मनात येतं तेव्हा मला ती जागा आठवते. ती मी लिहून देणार नाही. रागावू नकोस.

काकाकाकूंना जयभीम सांग. धाकट्यावर माया राहू दे.

तुझा,
राकेश


कर्वेनगर
१४ सप्टेंबर २०००

राकेश,

सविनय लिहून खोडा घालायचं तिकडे गेल्यावर शिकलास वाटतं. मी कंपनीला कळवलं आहे की गाण्याचा वाद आहे, गाणं घेऊ नका. त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हटलं आहे, ते त्यांच्या भलेपणामुळे. आम्ही आता ‘भोंगा’ वाजवत नाही. बाबांकडे गेलो होतो, त्यांना सगळं सांगितलं, ते नुसते ऐकत बसले. मला वाटलं होतं, निदान ते तरी म्हणतील की गाणं तुझं आहे. आता तिकडेही जावंसं वाटत नाही.

कळावे.

समाधान


खडकी, पुणे
१९ सप्टेंबर २०००

चि. समाधान व चि. राकेश, दोघांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मध्ये कार्बन घालून लिहितो आहे. वरची प्रत राकेशला, कारण ती लांब जायची आहे. समाधानने खालची प्रत पुसट आली म्हणून भांडू नये. हिरा बरी आहे. समाधान रविवारी आला नाही म्हणून तिने केलेली मटकीची उसळ मला दोन दिवस खावी लागली.

तुम्ही दोघं ज्या जागेवरून भांडता ती मला ठाऊक आहे. मी झोपलेलो नसायचो. कामावरून येऊन आडवा व्हायचो, डोळे मिटलेले, आणि तुमचं सुरू व्हायचं. कढईत तीळ तडतडावेत तसा आवाज. झोप यायची, पण पुरी नाही. त्या आवाजाच्या मागोमाग मी कुठे कुठे जाऊन यायचो. कधी गावच्या ओढ्यातून चालत असायचो, पाणी घोट्यापर्यंत, पुढे माझा बाप. तो नुसता चालायचा, आणि त्याची पावलं तुमच्या तालात पडायची. त्याला जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती. मला तिथून परत यावंसं वाटायचं नाही.

एकदा असाच पडलेलो असताना माझ्या हाताला मुंग्या आल्या, म्हणून कुशीवर वळलो. खाट करकरली, आणि तुम्ही दोघं जागच्या जागी गप्प. मी जागा झालो असं तुम्हाला वाटलं. तुम्ही श्वास धरून बसलात, मग मीही धरला. थोड्या वेळाने तुम्ही पुन्हा सुरू केलंत ते असं, की माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग आला, तेव्हा मी मुद्दाम वळलो. तिसऱ्या दिवशीही वळलो. मग एक दिवस मी हललो नाही, तरी तुम्ही थांबलात. गाणं झालं, हे मला तेव्हा कळलं.

हे आजवर सांगितलं नाही, कारण मी जागा आहे म्हटल्यावर तुम्ही बंद केलं असतंत. माझं नाव कुठे टाकू नका. ते मशीनला जोडून वाजवता तो गोंगाट मला आजही सोसत नाही. पण एका खोलीत बसून केलेल्या गाण्यासाठी दोन भावांनी तोंडं फिरवावीत, हे मला त्याहून सोसत नाही.

दोघांनी एकमेकांशी बोलून मला कळवावे. आशीर्वाद आहेतच, ते अर्धे अर्धे करू नयेत.

रतन


एडिसन
१ ऑक्टोबर २०००

ती. रतनकाकांस, सविनय जयभीम. वि. वि.

वरची प्रत मिळाली. दादाचा फोन आला होता. आधी तो फोनच्या बिलाबद्दल बोलला, मग मी इथल्या हवेबद्दल. शेवटी त्यानेच विचारलं, कानटोपी घेतलीस का. कंपनीला आम्ही दोघांचं मिळून एक पत्र पाठवलं आहे. ‘भोंगा’ जातं आहे. नावांचं काय केलं ते सीडी आल्यावर बघा आणि रागवायचं तर तेव्हा रागवा.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलेला ओढा मलाही आता दिसतो. पण त्यानंतर एक गोष्ट मनातून जात नाही. रात्रभर तुम्ही कारखान्यात उभे असायचात. दुपारभर आमचं ऐकत पडलेले असायचात. संध्याकाळी दळण, बाजार, दादाच्या कॉलेजच्या खेपा, माझ्या फीसाठीची धावपळ, आणि अंधार पडला की पुन्हा डबा घेऊन सायकलवर. तुमची झोप मोडू नये म्हणून आम्ही तीन वर्षं पावलंसुद्धा चोरून टाकली.

काका, मग तुम्ही झोपत होतात तरी कधी?

तुमच्या मायेत वाढलेला,
राकेश