हेरोदाचे यंदाचे डोके

मी अलोयझी कुर्पास, वय सत्त्याहत्तर, धंदा बाहुल्या कोरण्याचा, राहणार योडलूव, चर्चमागचे लाकडी घर, माझ्यामागे भांडणे होऊ नयेत आणि झालीच तर ती माझ्या बाजूने व्हावीत, म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरबाईंनी तपासताना सध्या राज्य कोणाचे असे विचारले. मी नाव सांगितले आणि पुढे एक शिवी जोडली. त्यांनी दाखला दिला. तो सोबत टाचला आहे; टाचणी गंजकी आहे, कागद जपून उलटावा. माझी शाळा सातवीत सुटली. चुका काढून कोणी हे खोटे ठरवू नये.

घर माझी मुलगी बोगना हिला. धुराड्याची झडप थंडीत अर्धीच लावावी, पूर्ण लावली तर माणसे झोपेत मरतात. हे मी दरवर्षी सांगतो आणि ती ‘हो बाबा’ म्हणून विसरते.

बँकेत आहे ते दफनाला. भाषणे नकोत.

अकॉर्डियन गावच्या अग्निशमन दलाच्या बँडला. नाताळच्या खेळातले सैतानाचे पद मी रचले आहे, ते उभे राहून गावे. बसून गायल्यास परत घ्यावे.

छपाईची चौकट. लष्कर रस्त्यावर आले त्या हिवाळ्यात आम्ही तिच्यावर बंदीतली पत्रके छापली. शाई मिळेना, म्हणून भांडी घासायच्या मलमात काजळी घोटली. चौकट आपोआप वर उचलली जायला इलॅस्टिक हवे होते. ते माझी बायको तेओदोरा हिने स्वतःच्या चड्ड्यांतून उसवून दिले. चौकट नगरपालिकेच्या संग्रहालयाला द्यावी, पण इलॅस्टिक कुठून आले ते पाटीवर लिहावे. लाज वाटत असेल तर देऊ नये.

त्या पत्रकांबद्दल मिळालेले पदक महापौर झेनोन पित्लाक याला परत करावे. त्यानेच ते माझ्या कोटाला टोचले होते.

आता हेरोद. नाताळात आमची मंडळी बाळ येशूला मारायला निघालेल्या राजा हेरोदाचा बाहुल्यांचा खेळ करते. शेवटी मृत्यू कोयता फिरवतो, मी दोरी ओढतो, राजाचे डोके खुंटीवरून निखळून पडते. खुंटी असल्याने डोके बदलता येते. आमची रीत अशी की त्या वर्षी जो लोकांच्या मानेवर बसला असेल त्याचे तोंड हेरोदाला द्यायचे. मी भित्तिचित्रे रंगवली, पदे रचली, ईस्टरला चर्चमधली ख्रिस्ताची कबर तुरुंगासारखी मांडली. त्याबद्दल तेव्हाच्या सरकारी साहेबांनी नुसते दटावले. आत टाकले ते हेरोदाच्या डोक्याबद्दल.

झेनोन, म्हणजे आमचा झेनेक, तेव्हा माझ्याबरोबर पत्रके छापत होता. तोही आत आला. आज त्याने हॉटेल बांधायचे म्हणून काचकारखान्याच्या जुन्या घरांतली म्हातारी माणसे हिवाळ्याच्या तोंडावर बाहेर काढली आहेत. म्हणून यंदा त्याचे तोंड.

त्याने चौकातल्या खेळाला परवानगी नाकारली. कारण ‘सार्वजनिक शांतता’. जुन्या साहेबांच्या कागदावरही हेच शब्द होते. मी निरोप धाडला की बाबा रे, शब्द तरी नवे शोध. मग तो स्वतः आला. बाहुल्यांचा सगळा संच संग्रहालयात काचेत ठेवू म्हणाला, दिवे सोडू, मात्र हेरोदावर डोके त्या बंदीच्या काळातले हवे, ते ऐतिहासिक आहे. ऐतिहासिक म्हणजे ज्याचा मालक मेला ते. मेलेला हेरोद सगळ्यांनाच आवडतो.

बाकावरचे नवे डोके पाहून त्याने टोपी काढली.

“लोयझेक, एका कोठडीत झोपलोय रे आपण.”

“म्हणून तर तुझं तोंड हाताला पाठ आहे.”

जाताना त्याने सहज विचारले, बोगना नगरपालिकेच्याच शाळेत शिकवते ना? तुरुंगातल्या कुठल्याही साहेबाला इतकी मऊ धमकी जमली नव्हती.

बोगना त्यानंतर म्हणाली, “बाबा, नाक जरा बारीक करा ना.” मी इतका ओरडलो की शेजारच्या वान्दाबाई पीठ लागल्या हातांनी धावत आल्या.

तरीही संच बोगनालाच. तो काचेत जाता कामा नये. तशी वेळ आलीच तर शेगडीत घालावा, लाकूड सुकलेले आहे, चांगले जळेल. डोके दरवर्षी नवे. तीन राजांच्या सणाआधी, म्हणजे सहा जानेवारीच्या आत, मी गेलो, तर प्रेत घरात असले तरी खेळ करावा, चौकात नाही तर बाहेर काढलेल्या लोकांच्या दारापुढे. नोकरीची भीती वाटली तर तिने खुंटीवर कोरा ठोकळा बसवावा. गावाला डोळे आहेत.

इथवर तिला वाचून दाखवले. ती डोके हातात फिरवत बसली. मग म्हणाली, “भुवईवरचा व्रण राहिलाय, बाबा. त्याशिवाय लोकांना पटायचं नाही. चाकू द्या, मी कोरते.”

मी चाकू दिला नाही. तो व्रण झेनेकला चौकशीत पडला. पत्रके कोण काढतो ते त्यांनी विचारले आणि त्याने माझे नाव सांगितले नाही.

म्हणून शेवटचे कलम. नाक, गाल, हनुवटी, सगळे त्याचेच घ्यावे, काही बारीक करू नये. पण व्रण कोरू नये. तो हेरोदाचा नाही.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असा कायदा आहे म्हणतात. माझा कायद्यावर भरवसा नाही, म्हणून दोन बोलावले.

साक्षीदार: फादर गाब्रिएल मोत्सेक
साक्षीदार: वान्दा ओझोग, शेजारीण

सही: अलोयझी कुर्पास
योडलूव, १३ डिसेंबर २०२३