सत्तरीचं कार्ड

२ डिसेंबर, सकाळ
डॉक्टर म्हणाला, आजी, कधी दम लागतो, किती वेळ टिकतो, आधी काय खाल्लं होतं, रोज वहीत लिहा आणि पुढच्या वेळी घेऊन या. लिहीन. दाखवणार नाही. माझ्या ताटात डोकवायचं त्याला काय कारण. सून रुचिताने बँकेची जुनी डायरी दिली. वार जुळत नाहीत. तारखा मी माझ्या टाकते.

दुखणं असं. हृदयाच्या दोन शिरा चोंदल्यात. आत जाळीचं नळकांडं बसवायचं, त्याला स्टेंट म्हणतात. महिन्याच्या आत बसवा म्हणाला. डॉक्टर लोक घाई करतातच. नाहीतर कोण बसवेल?

माझा मुलगा पराग अंधेरीला ऑफिसात आहे. म्हणाला, आई, मी लोन काढतो. मी म्हटलं, तुझ्या बायकोसाठी काढ, माझ्यासाठी नको. टीव्हीवर रोज सांगतात, सत्तरच्या पुढच्या सगळ्यांना सरकारचं पाच लाखांचं कार्ड, गरीब-श्रीमंत बघत नाहीत. मी त्र्याहत्तरची. माझं नळकांडं सरकार बसवणार. तू कुठल्या हॉस्पिटलात जाऊन काही विचारायचं नाहीस. शपथ घातली त्याला.

संकल्प : मीठ बंद. आजपासून.

३ डिसेंबर
मीठ उद्यापासून. सासऱ्याचं मिठागर होतं. लग्न होऊन आले ती गुडघाभर मिठात उभी राहिले. तेव्हा काही झालं नाही, आता चिमूटभराने काय होणार? सुकट मिठात धरायची नाही. तिच्यातलं मीठ समुद्राचं असतं.

लिफ्ट बंद. घर दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर पाच मिनिटं बसले. दम नव्हता. आमच्या जागेवर बिल्डरने काय बांधून ठेवलंय ते बघत होते. वाईट बांधलंय.

५ डिसेंबर, संध्याकाळ
खालच्या बाकावर बबनरावांशी वाजलं. ते तिसऱ्या मजल्यावर, लालबागहून आलेले, सरकारी ऑफिसातून रिटायर. माणूस चांगला, पण पेपर वाचतो. म्हणाले, पार्वतीताई, सगळं फुकट वाटत सुटलं तर देश चालायचा कसा? शेवटी पैसा आपल्या टॅक्सचाच. मी म्हटलं, तुमची पेन्शन कुणाच्या टॅक्सची? म्हणाले, ती मी कमावली. मी म्हटलं, मी पण हा आजार कमावलाय, मला कुणी फुकट दिला नाही.

बबनराव चुन्याची डबी शोधायला लागले. ती हातातच होती.

वर आले तर टीव्हीवर पण हेच. चार चौकटीत चार जण. एक म्हणतो, देशाच्या कमाईचे दोन टक्के आरोग्यावर जातात. दुसरा म्हणतो, तेवढेही जात नाहीत. तिसरा म्हणतो, सरकारने हॉस्पिटलं काढावी, कार्डं वाटू नयेत. चौथा नुसता हसतो. तो मंत्री असणार. मला बोलावलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लावला असता. कार्ड पण द्या, हॉस्पिटल पण काढा. यात भांडायचं काय आहे?

९ डिसेंबर
नवघरच्या शाळेत कार्डाचा कॅम्प होता. पहिली जाऊन बसले. मुलीने आधार मशीनला लावलं आणि म्हणाली, आजी, तुम्ही सदुसष्ट. तीन वर्षांनी या.

मी म्हटलं, मशीन बिघडलंय. ती म्हणाली, मशीन ठीक आहे, आजी, आधारच तसं आहे.

आता आठवलं. अठ्ठ्याऐंशी साली स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले तेव्हा तिशीच्या वरच्या बायका घेत नव्हते. मी छत्तीसची. तीस सांगितलं. तो कागद धरून मतदान कार्ड झालं, ते धरून आधार. तेव्हाचं माझं खोटं माझ्यापेक्षा जास्त कागदांवर आहे. मला पण ते बरं वाटायचं, लपवायचं कशाला? बबनराव सत्तरचे, ते मला ताई म्हणतात. कोण नको म्हणेल?

परागला सांगितलं, किरकोळ दुरुस्ती आहे.

११ डिसेंबर
छत्रीवाल्या पक्षाच्या ऑफिसात गेले. सुयोग नावाचा कार्यकर्ता आहे. दाढी कोरलेली, दोन फोन. म्हणाला, आज्जी, टेन्शन घ्यायचं नाही, शाळेचा दाखला आणा, आधारवर जन्मतारीख अपडेट करून देतो, कार्ड आमच्या पक्षाचे साहेब स्वतः घरी आणून देतील. फोटो काढू. मी म्हटलं, फोटो काढ, पण डाव्या बाजूने काढू नको, तिकडे दात नाही.

आठवड्यात काम होईल.

मीठ : अर्धं. (सुकट सोडून. लोणचं सोडून.)

१६ डिसेंबर
आचारसंहिता लागली. महापालिकेची निवडणूक. कॅम्प बंद, अपडेट बंद, सुयोगचा एक फोन बंद. दुसऱ्यावर म्हणाला, आज्जी, हे तर चांगलं झालं, आता साहेबांना तुमची गरज आहे. बरोबर बोलला. सरकारला तयारीला थोडा वेळ हवा. देऊ.

आज दळण आणायला गेले, दळण तिथेच ठेवून आले. पिशवी वजनाला जास्त होती. गिरणीवाल्याने कुणाचं तरी पीठ माझ्यात भरलं असणार.

१९ डिसेंबर
दाखल्यासाठी माहेरी, चेण्याला. रिक्षाने. रुचिता बरोबर येते म्हणाली, नको म्हटलं. वाटेत बोलते फार.

शाळेचे हेडमास्तर तरुण. जुनं रजिस्टर काढलं. पार्वती नाही. परत बघा म्हटलं. परत नाही. मी म्हटलं, दुसरीपर्यंत मी काय तबेल्यात शिकले? तेवढ्यात त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. शेवंती. जन्म बावन्न सालचा. बापाचं नाव माझ्या बापाचं.

मी विसरलेच होते. मी शेवंती होते.

लग्नात नवऱ्याने, पंढरीनाथने, ताटात तांदूळ पसरून अंगठीने पार्वती लिहिलं. र्व त्याला येत नव्हता. भटजीने बोट धरून लिहून घेतला. झालं, त्या दिवसापासून शेवंती बंद. पन्नास वर्षांत कुणी तिची चौकशी केली नाही. मी पण नाही केली.

हेडमास्तर म्हणाला, आजी, शेवंतीचा दाखला आत्ता देतो, पण शेवंती म्हणजे तुम्हीच, हे कोण म्हणतं? मी म्हटलं, मी म्हणते. तो म्हणाला, तसं चालत नाही. नोटरी, दोन साक्षीदार, वर सरकारी गॅझेटमध्ये नाव छापून आणा.

साक्षीला धाकटा भाऊ अमृत. त्याने खिशातून स्वतःचं सत्तरीचं कार्ड काढलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. शाळेतलं बक्षीस दाखवावं तसं दाखवलं. म्हणाला, बाय, कागदावर तू माझ्यापेक्षा लहान हायस. आता मला दादा बोल. मी म्हटलं, तुझं नाक मी पुसलंय. तो म्हणाला, त्याचा दाखला हाय का?

मेला कुठला.

रिक्षात दहा मिनिटं डोळे मिटून होते. ऊन होतं.

२४ डिसेंबर
सुयोग म्हणाला, गॅझेट ना? निकाल लागला की चार दिवसांत. तोवर आज्जी तुम्ही चौकसभेत बोला. आरोग्यावर. साहेबांच्या आधी. माइकवर.

माझंच चुकलं होतं. दाखले-बिखले मागत फिरायची माझी जागाच नव्हे. एकदा बोलले की कार्ड धावत येईल. भाषण ठरवलंय. पूल बांधायला पैसे आहेत, रस्ता खणायला आहेत, तोच रस्ता परत खणायला आहेत, आणि माणसाच्या आतली चार इंचाची नळी मोकळी करायला नाहीत? एवढं बोलायचं आणि थांबायचं. टाळ्या येतील.

३१ डिसेंबर
डावा हात बधिर. रात्री त्यावर झोपले असणार. मी झोपते उजव्या कुशीवर, पण माणूस वळतो.

पराग म्हणाला, आई, डॉक्टरने महिना सांगितला होता. महिना संपत आला. मी म्हटलं, कॅलेंडर मला पण वाचता येतं. तो म्हणाला, मी उद्या हॉस्पिटलात जाऊन नुसतं विचारून येतो. शपथेची आठवण करून दिली. म्हटलं, पूर्ण बिल्डिंगसमोर सांगितलंय मी की सरकार करणार. तू पैसे भरलेस तर बबनरावांना तोंड कसं दाखवू? म्हणाला, मग मला कसं दाखवशील? आणि जेवला नाही. अळणी भाजी होती, मी पण जेवले नसते. मी लोणच्याशी खाल्ली. लोणचं भाजीत धरत नाहीत.

४ जानेवारी
चौकसभा झाली. फार छान.

साहेब दीड तास उशिरा. मग मला माइक दिला. म्हटलं, पूल बांधायला पैसे आहेत. लोक गप्प झाले. मग मी थांबले. वजन यावं म्हणून थांबायचं असतं. बराच वेळ थांबले. सुयोगने खुर्ची आणली. पाणी आणलं. एक बाई म्हणाली, ह्यांना कुणी घरी सोडा रे. मग साहेबांनी माझा हात धरून वर केला, डावाच धरला, मला समजलंच नाही कुणाचा हात आहे तो. टाळ्या पडल्या.

पुढची वाक्यं राहिली. गरज पडली नाही.

५ जानेवारी, संध्याकाळ
बाकावर बबनराव. म्हणाले, सभेत साहेब म्हणाले, त्र्याहत्तर वर्षांच्या आमच्या माउली. खरं का? म्हटलं, खरं. म्हणाले, म्हणजे आठ वर्षं मी माझ्यापेक्षा मोठ्या बाईला ताई म्हणतोय. आता काय म्हणू, मावशी? मी म्हटलं, मावशी म्हटलंत तर याच बाकावर बसवून ठेवीन.

हसले. मग डबी खाली ठेवली. म्हणाले, पार्वतीताई, वाद राहू दे बाजूला. मी चुकलो, सरकारने सगळ्यांना द्यावं, फुकट द्यावं, तुम्ही म्हणाल तसं. पण उद्या माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला. माझ्या हिने पण पुढच्या महिन्यात बघू असंच म्हटलं होतं.

त्यांची बायको गेली त्याला तीन वर्षं झाली. मला ठाऊक आहे, भाकऱ्या मीच केल्या होत्या.

मी म्हटलं, एवढ्यात हरलात? मला वाटलं आणखी महिनाभर तरी टिकाल. उठून वर आले. पहिल्या मजल्यावर बसले. जरा जास्तच बसले.

वादात माणूस असा मऊ पडला की समजायचं आपण जिंकलो.

१२ जानेवारी
काही नाही. पडून होते. टीव्हीवर तेच चार जण. आवाज बंद करून बघितलं. बरं वाटलं.

मीठ : आठवत नाही.

१५ जानेवारी, सकाळ
मतदान. छातीत गॅस. ओव्याचं पाणी घेतलं. जाऊन येते. निकालानंतर चार दिवस, म्हणजे वीस तारखेपर्यंत कार्ड.

१९ जानेवारी, हॉस्पिटल
रुचिताने डायरी आणून दिली. उजवा हात चालतो.

चार मतं द्यायची होती. तीन बटणं दाबली. चौथ्याच्या वेळी मशीनवरच डोकं टेकलं. कुणाला तरी गेलं असेल. छत्रीवाले निवडून आले म्हणतात. सुयोगचे दोन्ही फोन बंद.

परागने थेट इथे आणलं. खाली सरकारी योजनेची खिडकी आहे. तिथल्या मुलीने विचारलं, रेशनकार्ड आहे? त्याच्या मोबाईलमध्ये फोटो होता. तिने काहीतरी टाइप केलं. त्याच दिवशी मंजूर. स्टेंट बसले, दोन. एक पैसा लागला नाही. वय कुणी विचारलं नाही. शेवंती कोण, कुणी विचारलं नाही. पराग म्हणाला, सत्तरी लागत नाही याला? मुलगी म्हणाली, नाही दादा, रेशनकार्ड असलं की झालं, आहे की कधीपासून ही योजना.

हे सगळं रुचिताने सांगितलं. पराग येतो, पाय दाबतो, जातो. ओरडला असता तर मी पण ओरडले असते.

डॉक्टर पडद्यापलीकडे त्याच्याशी बोलत होता. पडदा कापडाचा असतो, हे डॉक्टरांना माहीत नसावं. म्हणाला, आम्ही नळ्या उघडल्या, पण मध्ये वेळ फार गेला. हृदयाचा मोठा भाग मेलाय, तो परत येत नाही. एक महिना आधी आणलं असतं तर चालत घरी गेल्या असत्या. आता जिना नाही, काम नाही. जेवढे दिवस जातील तेवढे.

बबनराव मोसंबी घेऊन आले. म्हणाले, बघा, शेवटी सरकारनेच केलं, जिंकलात तुम्ही. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. मी मान हलवली. वाईट वाटायला हवं होतं. शोधलं. काही सापडलं नाही. छातीवर हात ठेवला तर दुसऱ्या कुणाच्या छातीवर ठेवल्यासारखा.

आत्ता नर्स सलाईन बदलायला आली. केरळची आहे, मराठी नीट बोलते. फाईल चाळून म्हणाली, आजी, दोन डिसेंबरलाच सांगितलं होतं तुम्हाला. इतके दिवस कशाची वाट बघत होता?

मी म्हटलं, सत्तरीची.

ती म्हणाली, काय?

मी म्हटलं, काही नाही. पंखा कमी कर.