ठमीला दूध बंद

३ नोव्हेंबर, सोमवार

टोचली. आज पहिल्यांदा माझ्या हाताने टोचली. सुई आधी टॉवेलात गेली, मग ठमीच्या कातड्यात. डॉक्टर सलोनींनी दवाखान्यात दाखवलं होतं – मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, वर ओढायची, सुई आडवी घालायची. त्यांनी केलं तेव्हा मांजर हललंसुद्धा नाही. माझ्या वेळी ओरडलं.

सलाईनची पिशवी खिडकीच्या गजाला टांगली आहे. आधी पातेल्यातल्या गरम पाण्यात ठेवून कोमट केली, मनगटावर थेंब टाकून बघितला. गार गेलं तर हुडहुडी भरेल तिला. सलाईन आत गेल्यावर पाठीवर उशीसारखा फुगवटा आला. मी घाबरून दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "आजोबा, तो यायलाच हवा. हळूहळू जिरेल." जिरला. तरी संध्याकाळपर्यंत मी हात लावून बघत होतो.

किडनी थोडं कमी काम करते आहे असं डॉक्टर म्हणाल्या. रोज सलाईन, एक गोळी, डब्यातलं खास खाणं, आणि दूध बंद. एवढं पाळलं की आटोक्यात राहील. एवढं मला जमेल. शाळा सातवीत सुटली तेव्हापासून म्हशी सांभाळल्या. हे तर एक मांजर.

ठमीला सुशीलाने धरलं होतं. म्हणाली, "लग्नाला पन्नास वर्षं होत आली, माझा हात कधी इतक्या काळजीने धरला नाहीत."

४ नोव्हेंबर

टोचली. कमी ओरडली. डब्यातलं खाणं हुंगलं, दोन घास खाल्ले. फरक पडतो आहे असं वाटतं.

६ नोव्हेंबर

गोळी काही केल्या पोटात जात नाही. म्हशीला औषध पाजायचो तसं करून बघितलं – गोळी पाण्यात विरघळवली, जबडा वर धरला, कोपऱ्यातून नळीने ओतली. म्हैस गपगुमान गिळायची. ठमीला असा ठसका लागला की मला वाटलं, गेली. तोंडातून फेस, डोळे पांढरे. तिला तशीच कवटाळून रिक्षाने दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, ही म्हैस नाही हो." सुशीला हसली. मला हसू आलं नाही.

आता गोळी खाण्यात कालवून द्यायची आहे. ती तेवढीच बाजूला काढून ठेवते, बाकीचं हुंगून निघून जाते.

९ नोव्हेंबर, रविवार

ठमी मला ओळखायला लागली आहे. म्हणजे ओळखत होतीच, पण आता वेगळी ओळखते. मी गॅसवर पातेलं ठेवलं की ती दिवाणाखाली. काल मी नुसता चहा ठेवला होता, तरी गेली. आता चहासुद्धा सुशीलाच करते. दिवाणाखाली काठी घालून हुसकावावं लागलं. तिचं भलं करण्यासाठी तिच्यावर काठी!

सुशीलाच्या मोतीबिंदूची तारीख मिळाली, २४ तारीख. विक्रम सुट्टी काढून येईल. ऑपरेशननंतर तिला काही दिवस वाघोलीला आपल्याकडेच ठेवतो म्हणाला. मुलगा एवढं करतो, हे बरं आहे. पण इथे सुई देताना मांजर कोण धरणार, हे कोणी विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर

दुपारी जाग आली तर ठमी सुशीलाच्या मांडीवर. हे दृश्य मी या घरात बघितलेलं नाही. मंडईत ज्ञानदेवाचा कांद्याचा गाळा आहे. त्याच्या पाटीत हे पिल्लू सापडलं आणि मी शर्टात घालून कात्रजला आणलं, तेव्हा सुशीला म्हणाली होती, "एक तर ते राहील नाहीतर मी." दोघीही राहिल्या, पण एकमेकींकडे न बघता. स्वयंपाकघराचा उंबरा ठमीने ओलांडला की लाटणं वाजायचं. आणि आज मांडी!

मी हळूच जवळ गेलो. ठमीने मान वर केली, मला बघितलं, आणि सुशीलाच्या पदरात तोंड खुपसलं.

मी म्हणालो, "मी करतो सगळं, आणि ही तुझ्याकडे."

"मी काही करत नाही, म्हणूनच," सुशीला म्हणाली.

इतकं लागलं मला ते. जनावर आहे, कबूल. पण इतकी वर्षं ती माझ्या पायाशी झोपत आली. आजारपणात माझी ती परकी झाली.

१४ नोव्हेंबर

आज कळलं, परकी का झाली ते. तूरडाळीच्या डब्यामागे वाटी सापडली. तळाला दूध, कडेला साय.

सुशीलापुढे वाटी धरली. तिने नाकारलं नाही. "चार चमचे दिले," म्हणाली.

"डॉक्टरांनी दूध बंद सांगितलंय. तुझ्यादेखत सांगितलंय."

"हो."

"मग? मी एकीकडे जगवतोय आणि तू दुसरीकडे मारतेयस तिला?"

तिने वाटी माझ्या हातातून घेतली, धुतली, पालथी घातली. एरवी एका शब्दाला दहा ऐकवते. आज एक शब्द नाही. त्यानेच मी जास्त भडकलो. म्हणालो, तुझ्या मनात पहिल्यापासून तिच्याबद्दल होतंच. ती एवढंच म्हणाली, "आज सुई देणार असाल तर लवकर द्या. मला उन्हात बसायचंय तिला घेऊन."

१५ नोव्हेंबर

दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये सगळ्यात मागे ठेवलं, पुढे लोणच्याची बरणी. सुशीलाशी बोलत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मंडईत गेलो होतो, घरात बसवेना म्हणून. ज्ञानदेवाने गाळ्यावर बसवलं, चहा मागवला. मी सांगत होतो – ठमी आज बरी आहे, काल खाल्लं नाही, पण डॉक्टर म्हणाल्या आटोक्यात राहील. तो कांदे निवडता निवडता म्हणाला, "अजून हाय व्हय ती? वहिनी तर म्हणल्या, आठ दिस काय टिकत न्हाय."

मी म्हणालो, "कोण म्हणालं?"

त्याने जीभ चावली. कांदा हातात तसाच. "मला काय म्हाईत न्हाय बाबा. तू वहिनीलाच इचार. आन् माझं नाव घिऊ नको."

चहा तसाच ठेवून उठलो. बसमध्ये बसलो ते कात्रजचा स्टॉपसुद्धा मागे गेला, तेव्हा भानावर आलो.

१८ नोव्हेंबर

सकाळी एकटाच दवाखान्यात गेलो. उभ्यानेच विचारलं. डॉक्टर सलोनी आधी म्हणाल्या, बसा. मी बसलो नाही.

"तिची किडनी जवळजवळ संपलेली होती, आजोबा. पहिल्या दिवशीच रिपोर्टमध्ये दिसलं. तुम्ही औषधं घेत होतात काउंटरवर, तेव्हा आजी आत आल्या. म्हणाल्या, त्यांना इतक्यात सांगू नका, ते हाय खातात. काहीतरी करायला द्या त्यांना."

"करायला द्या?"

"सलाईनने तिला थोडी हुशारी येते. खोटं नाही ते. दिवस थोडे वाढतात."

"बरी होणार होती का?"

"नाही."

"आणि दूध?"

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "आजींनी नंतर फोन करून विचारलं. मी म्हटलं, आता मागेल ते द्या."

म्हणजे सुई मी टोचत होतो आणि दूध ती पाजत होती. मग मांजराने जावं कोणाकडे?

डॉक्टर माफी मागत होत्या. तरुण पोर आहे, तिला काय बोलणार. पण पाटीवर नाव आणि पदव्या लावून बसलेलं माणूस तोंडावर खोटं बोलतं आणि मी दोन्ही हात जोडून ऐकतो.

१९ नोव्हेंबर

विक्रमला फोन केला. त्यालाही माहीत. "बाबा, तुम्ही उगाच टेन्शन घेता, म्हणून आई म्हणाली..." ज्ञानदेवाला माहीत. दवाखान्यातल्या फोनवरच्या मुलीला माहीत. या मांजराचं मरण सगळ्या पुण्याला ठाऊक होतं, फक्त तिचं सलाईन कोमट करणाऱ्याला नव्हतं.

मग सुशीलाला विचारलं, "किती वेळा खोटं बोललीस माझ्याशी, इतक्या वर्षांत?"

भाजी चिरत होती. "मोजलं नाही. तुमच्या जिवाला सोसेल एवढंच खरं सांगत आले."

"मी काय लहान पोर आहे?"

"शेवटची म्हैस विकली तेव्हा ताटाला शिवत नव्हतात तुम्ही. दवाखान्यात न्यावं लागलं. माझ्या डोळ्याला आता धड दिसत नाही, दोघांची आजारपणं मला झेपली नसती."

"पण मी रोज तिला टोचत होतो, सुशीला. उगाच."

त्यावर तिने विळी बाजूला सारली. पदराने हात पुसले. म्हणाली, "ते माझं चुकलं. मला वाटलं, चार दिवसांचं आहे. ती इतकी तग धरेल असं वाटलं नव्हतं."

चुकलं म्हणाली तरी माझा राग जाईना. उलट वाढला. माझ्या माणसाने माझ्या हातून हे करवून घेतलं. शत्रूने नाही.

माझी खिचडी मी वेगळी केली. तळाला लागली. खाल्ली.

२० नोव्हेंबर

आज सलाईन द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण ठमी भिंतीकडे तोंड करून बसली आणि मला वाटलं, डॉक्टर पुन्हा खोटं बोलल्या असतील तर? आधी बोलल्या तशा. आता कोणावर विश्वास ठेवायचा?

धरायला सुशीलाला हाक मारणं शक्य नव्हतं. एकट्याने टॉवेलात गुंडाळली. ती ओरडली नाही. टॉवेलातच तिला लघवी झाली, आणि ती थरथरत राहिली. मानेमागची कातडी चिमटीत धरली तेव्हा नीट बघितलं – केस गेलेले, सगळीकडे बारीक खपल्या. त्या सगळ्या माझ्या.

सुई परत टोपणात घातली. पिशवी गजावरून काढली. टॉवेल धुतला. ठमी दिवाणाखाली गेली, मी काठी घेतली नाही.

२१ नोव्हेंबर

सुशीलाने गजाकडे बघितलं. मी काही सांगितलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सुशीलाचं ऑपरेशन. विक्रम गाडी घेऊन सकाळीच आला. ती दारात पिशवी घेऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, साय काढून ठेवलीय निळ्या वाटीत. बोटावर घेऊन द्या, वाटीतून आता पीत नाही ती." मी पेपराचं पान उलटलं. विक्रम म्हणाला, "बाबा, निदान हो तरी म्हणा." मी हो म्हणालो नाही.

दुपारी त्याचा फोन. सगळं नीट झालं. डोळ्यावर झाकण लावलं आहे. आठवडाभर वाघोलीलाच. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. "आणि रडायचं अजिबात नाही म्हणाले डॉक्टर," तो म्हणाला. "तिथे तुमची भांडणं चालली असती, म्हणून बरं झालं इकडे आणली."

घर मोठं वाटलं.

२६ नोव्हेंबर

गॅलरीत उन्हात खुर्ची टाकून बसलो होतो. ठमी आतून आली. चार पावलं चालायची, बसायची, पुन्हा चार पावलं. मला वाटलं, सुशीलाला शोधते आहे. पण माझ्या पायाशी आली आणि वर बघत राहिली. उडी मारायचं बळ नव्हतं. उचलून घेतली. वजन कसलं ते, धुतलेल्या सदऱ्याइतकं.

बोटावर साय घेतली. आधी बोट हुंगलं – मला धास्ती, औषध समजून तोंड फिरवेल. नाही. चाटलं. जीभ अजून खरखरीत आहे. मग हातावर डोकं टेकून झोपली. ऊन गॅलरीतून जाईपर्यंत मी हललो नाही, पाय बधिर झाला.

सुशीलाला फोन करून सांगावं असं फार वाटलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. तिने मला सांगितलं नव्हतं. मी का सांगू?

२८ नोव्हेंबर

ठमी सकाळी गेली. माझ्या मांडीवरच. ज्ञानदेव टेम्पो घेऊन आला, त्याच्या आंबेगावच्या जमिनीच्या तुकड्यावर लिंबाखाली ठेवली.

हातपाय धुऊन बसतो तोच सुशीलाचा फोन. "अहो, बोलणार नसाल तर नका बोलू. एवढंच सांगा, ठमी कशी आहे?"

म्हणालो, "बरी आहे. उन्हात झोपलीय."

"साय खाल्ली?"

"खाल्ली. अजून मागत होती."

"खरं सांगताय ना?"

"खरं."

मग तिने विचारलं, तुम्ही जेवलात का. त्यालाही हो म्हणालो.